सुपातली अक्षरं

मनू गेल्याचं तिच्या भाच्यानं मला फोनवर सांगितलं, आणि ती किती थोर होती हे मला पंधरा दिवसांनी दादरच्या शोकसभेत कळलं. आमच्या संस्थेनं सभा ठेवली होती. ज्या संस्थेत मनूनं जेमतेम दीड वर्ष काढलं आणि जिनं तिला राजीनामा दिल्यावर साधं पत्रही पाठवलं नाही, त्याच संस्थेनं. स्टेजवर हार घातलेला फोटो, आणि फोटोपुढे कुणीतरी मोठ्या हौसेनं एक पाटी आणि खडू मांडून ठेवलेला. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, ते मनूच हसत हसत म्हणाली असती. लालबागच्या वर्गातून तिनं पाटी काढूनच टाकली होती. हे माहीत असलेली त्या सभागृहात मी एकटी होते, पुढच्या रांगेत, मानाच्या खुर्चीत. उठून सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आम्ही दोघी गिरगावातल्या, एकाच ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडलेल्या. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबाग-परळच्या भिंतींवर गेरूनं घोषणा रंगवलेल्या असायच्या आणि त्या वाचता न येणाऱ्या बायका त्याच घोषणा देत मोर्च्यात आमच्या पुढे चालायच्या. मराठी राज्य येणार तर मराठी बाई साक्षर हवी, असं संस्थेला वाटलं, आणि प्रौढ स्त्रियांच्या वर्गासाठी आम्हाला लालबागच्या एका चाळीत पाठवलं. सोबत वीस पाट्या, एक फळा, हजेरीचं बुक आणि एक वाचनमाला. वाचनमालेतला पहिला धडा होता, ‘बगळा उडाला’. “उडाला तर उडू दे की,” मनू म्हणाली, “ह्यांचं काय त्यात?” मी तिच्यावर रागावले होते. मला तो धडा फार शास्त्रशुद्ध वाटायचा.

पहिल्या आठवड्यात चौदा बायका आल्या, तिसऱ्या आठवड्यात तीन. मी अहवालात लिहून टाकलं, ‘स्त्रियांमध्ये शिक्षणाची आवड नाही.’ नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! मनूनं अहवाल लिहिला नाही. ती पार्वतीबाईंच्या खोलीत जाऊन बसली. पार्वतीबाई मूळच्या मालवणकडच्या, गिरणीतल्या आठ माणसांची खानावळ चालवायच्या. दुपारची ताटं घासून झाली की चाळीतल्या चार-सहा जणी सुपं घेऊन त्यांच्याकडे तांदूळ निवडायला जमायच्या. मनूही निवडू लागली. वर्गाला का येत नाही, असं तिनं विचारलंच नाही. वाचता आलं तर पहिल्यांदा काय वाचाल, एवढंच विचारलं.

मग पार्वतीबाई म्हणाल्या, “माझ्या यमूचा पत्र.” यमू त्यांची एकुलती लेक, चौथी शिकलेली, गावाकडे नुकती दिलेली. तिची पत्रं यायची ती गॅलरीच्या टोकाला राहणारे आबा मुकादम वाचून दाखवायचे. गिरणीत आयुष्यभर साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, आवाजात ओरडून बोललेला माणूस. पत्रही त्याच आवाजात वाचायचा. अख्खी चाळ ऐकायची. “तिका म्हायत आसा, पत्र कोण वाचता ता,” पार्वतीबाई म्हणाल्या. “म्हणान ती कायच लिवणा नाय. नुसता, आम्ही खुशाल.”

मनू म्हणाली, मग वर्गाला या ना. “पाटी घेवन गॅलरीतसून येवचा म्हणजे... सगळे बघतत, बाय. आजी होवची वेळ इली आणि ही शाळेत चल्ली म्हणतत.”

दुसऱ्या दिवसापासून मनूनं पाट्या कपाटात टाकल्या त्या टाकल्याच. वर्ग पार्वतीबाईंच्या खोलीत, आणि पाटीच्या जागी सूप. सुपातले तांदूळ पसरायचे, त्यात बोटानं अक्षर काढायचं. चुकलं, की सूप जरा हलवायचं, चूक गेली. दारात कुणी आलं तरी हलवायचं. बायका तांदूळ निवडताहेत, झालं. पहिला शब्द जिचा तिनं निवडायचा. पार्वतीबाईंनी ‘यमू’ निवडला, शेजारणीनं दवाखान्याच्या पाटीवरचं डॉक्टरांचं नाव. मुळाक्षरांचा क्रम पार मोडला. काल जिला जे अक्षर आलं, ते तिनंच आज दुसरीला दाखवायचं. मनू नुसती निवडत बसायची. पार्वतीबाई शेजारणीचं बोट धरून ‘म’ काढून देत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा, हे मीसुद्धा ऐकलंय. तरी मी मनूशी भांडले. ही काय पद्धत झाली? ती म्हणाली, “शालू, ह्यांना अक्षर कठीण जात नाही गं. चुकताना कुणी बघितलं, ते कठीण जातं.” मला ते वाक्य तेव्हा बाळबोध वाटलं. पुढे शिक्षणावरच्या व्याख्यानांत मी ते कितीदा वापरलं, आणि दर वेळी माझं म्हणून वापरलं.

पाच महिन्यांत पार्वतीबाई साधी, जोडाक्षरं नसलेली ओळ वाचू लागल्या. आणखी तीन-चार महिने मिळते तर पत्र वाचलं असतं. तेवढ्यात संस्थेचा वार्षिक समारंभ आला. पाहुण्यांसमोर एका बाईनं फळ्यावर लिहून दाखवावं, असं चिटणिसांच्या मनात आलं. मनूनं स्वच्छ नाही म्हटलं. चिटणिसांनी मग मला बोलावलं; वर्गप्रमुखाची जागा भरायची आहे, हेही जाता जाता सांगितलं. मनू त्याच आठवड्यात आईच्या आजारपणासाठी पुण्याला गेली. मी पार्वतीबाईंकडे गेले. त्या नको नको म्हणत होत्या. मी म्हटलं, “मनूबाईंनीच सांगून ठेवलंय, तुम्हीच लिहायचं म्हणून.” मग त्या लगेच तयार झाल्या. हिरवं लुगडं नेसून आल्या होत्या.

पाहुणे म्हणाले, “बाई, ‘महाराष्ट्र’ लिहा!” टाळ्या झाल्या. त्या बाईंनी जन्मात खडू धरला नव्हता, उभ्या फळ्यावर कधी हात नेला नव्हता, आणि ‘ष्ट्र’ तर मनूनं अजून कुणाला दाखवलाच नव्हता. त्यांनी ‘म’ काढला. बरा काढला. मग ‘हा’ वाकडा झाला, आणि त्यांचा हात फळ्याला टेकून तसाच थांबला. फळा काही हलवता येत नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं... मी पाहुण्यांकडे पाहून हसत होते. मागून चाळीतल्या लोकांतून आबा मुकादमांचा तो आवाज आला, “पुरे झाला गो पार्वते, खाली ये!” सगळं सभागृह हसलं. दुष्टपणानं नव्हे, अगदी प्रेमानं हसलं. पार्वतीबाईंनी पदरानं फळा पुसला आणि त्या उतरून गेल्या.

त्यानंतर त्या खोलीत सुपं जमली नाहीत. मनू परत आल्यावर पहिल्यांदा तिथेच गेली. पार्वतीबाईंनी तिला आत घेतलं नाही. उंबऱ्यातूनच म्हणाल्या, “तुमचा नाव सांगितल्यानी म्हणान मी थंय गेलंय.” ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ एवढं एक वाक्य मनूला पुरलं असतं. ती ते बोलली नाही. तशीच माझ्या घरी आली, पाणीसुद्धा न पिता उभी राहिली. “माझं नाव घेतलंस?” मी हो म्हटलं. ती म्हणाली, “खरं सांगितलं असतं तर तिच्या लेखी आपण दोघीही गेलो असतो. आता मी गेले. तुला ती अजून निरोप आणणारीच समजतेय, तुला आत घेईल. उद्यापासून तू जाऊन बस. थोडंच राहिलंय तिचं.”

मी गेले नाही.

सोमवारी जाईन म्हटलं, मग पुढच्या सोमवारी. कुठल्या तोंडानं जाणार होते? खोटं आहे हे. तोंड होतं, लाज नव्हती. मनूनं राजीनामा दिला, मी वर्गप्रमुख झाले. मराठी राज्य आलं, लालबागेत रोषणाई झाली, आणि पार्वतीबाईंची पत्रं आबा मुकादमच वाचत राहिले.

मनूनं पुढची सगळी वर्षं प्रभादेवीच्या एका शाळेत पहिलीचा वर्ग शिकवला. माझ्याशी तिनं बोलणं तोडलं नाही. तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी गेले की ती तांदळाचं सूप मध्ये ठेवायची, आणि आम्ही दोघी निवडत बसायचो. त्या विषयावर ती एकदाच बोलली, सुपातून मान वर न करता. “पार्वतीची यमू परत आली गं. अंगावर जागा नाही मारल्याशिवाय. चार वर्षं पत्रात ‘आम्ही खुशाल’ होतं.” मग एक खडा वेचून तिनं बाजूला टाकला आणि मला चहा विचारला.

खोली रिकामी करताना भाच्यानं मला बोलावलं, काही हवं असेल तर न्या म्हणाला. मी सूप आणलं. ते आता माझ्या टेबलावर आहे, कडेच्या बांधणीत तिचे दोन-चार तांदूळ अडकलेले. परवा दुपारी त्यात वाटीभर तांदूळ पसरले आणि बोटानं लिहिलं, ‘मी खोटं बोलले.’ घरात कुणी नव्हतं. तरी बेल वाजल्यासारखं वाटलं आणि हातानं आपोआप सूप हलवलं. एवढी जन्मभराची सवय. म्हणून हे इथे छापायला दिलंय, मनू. हे हलवता येणार नाही.