कुळाचं काम

पनवेलच्या नाटक मंडळीत मी तीन वर्षं भाला धरून उभा राहिलो. राजा कोणीही असो, शिपाई मीच. पडदा उघडला की भाला सरळ, पडदा पडला की भाला आडवा. तोंड उघडायचं काम नाही. लोक म्हणायचे, अंगानं बरा दिसतो म्हणून घेतलाय. बरा दिसत होतोच. मिठागरात दिवसभर फळी ओढून मीठ गोळा करणाऱ्याचं अंग कसं असणार?

पण मला बोलायचं होतं. समोर माणसं बसलीत, सगळी आपल्याकडं बघतायत, आणि आपण मुके. तीन वर्षं माझ्या पोटात ते बोलणं साचून राहिलं होतं.

मंडळी म्हणजे पनवेलातले शिकलेले लोक. शाळेतले एक मास्तर नाटक लिहायचे, बसवायचे, आणि त्यातलं मोठं कामही स्वतःच करायचे. मी दुसरीपर्यंत शिकलेलो. छापील अक्षर जोडून जोडून लागायचं, हातानं लिहिलेलं अजिबात नाही. आता हे लिहितोय ते अक्षर पन्नाशी उलटल्यावर प्रौढांच्या वर्गात बसून कमावलेलं आहे. चुका असतील. असू देत.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली असतील. कुळकायद्याचं बोलणं आमच्या कुलाबा जिल्ह्यात गावोगाव चाललं होतं. मास्तरांनी त्या वर्षी वाचनालयाच्या मदतीसाठी खोताचं आणि कुळाचं नाटक लिहिलं. खोत कुळाला शेतातून काढायला बघतो, कूळ हटत नाही, शेवटी खोताचं मन पालटतं आणि तो जमीन देऊन टाकतो. खोत मास्तर स्वतः. कूळ कचेरीतला एक कारकून. मी खोताचा गडी. दारात उभा.

पहिल्या तालमीला कारकून कूळ म्हणून आला तो लंगडत, कण्हत आणि कमरेत वाकून.

मी म्हटलं, "मास्तर, कुळाचा पाय मोडलाय काय?"

मास्तर म्हणाले, "गरीब आहे तो. दिसायला नको?"

"गरीब लंगडत नाय मास्तर. लंगडला तर शेतात काम कोन करील? आमचं गाव सगळं कूळच हाय. येऊन बघा, किती जन लंगडतात."

कारकून हसला. मास्तर हसले नाहीत. "मग तू करून दाखवतोस?"

"करतो."

"वाचता येतं?"

"तुमी कागद द्या. पाठ कसं करायचं ते माजं मी बघतो."

आठ दिवसांची मुदत देऊन मास्तरांनी कुळाची नक्कल माझ्या हातात दिली. नक्कल म्हणजे नटाला द्यायचे कागद. त्यात फक्त आपली भाषणं असतात, आणि प्रत्येक भाषणाच्या वर आधीच्या माणसाचे शेवटचे दोन-तीन शब्द, म्हणजे आपण कधी बोलायचं ते कळावं. हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मुक्या शिपायाला नक्कल कशाला मिळणार?

बाजारात एक शिंपीचाचा होते. मंडळीचे अंगरखे तेच शिवायचे, म्हणून ओळख. मिठागरातून सुटलो की मी त्यांच्या दुकानात जायचो. चाचा मशीन चालवायचे, टाका संपला की कागदाची एक ओळ वाचायचे, मी ती दहादा म्हणायचो. मग पुढचा टाका. आठ दिवसांत सगळं पाठ.

रविवारी शाळेच्या वर्गात तालीम. सगळी मंडळी बाकांवर. मास्तर खोत होऊन पुढं आले आणि गरजले, "हे शेत माझं आहे. वाट सोड!"

मी छाती काढून सुरू केलं, "वाट सोड. हात जोडून. धनी, हे शेत माझ्या बापानं बांध घालून खाडीतून काढलंय. क्षणभर थांबून. त्याचा घाम त्या मातीत आहे. डोळे पुसत."

वर्ग हसत सुटला. कारकून बाकावर आडवा झाला. मास्तरांनी डोक्याला हात लावला. कंसातलं बोलायचं नसतं, ते करायचं असतं, आणि वरचे शब्द खोताचे असतात, हे मला त्या हसण्यात कोणीतरी ओरडून सांगितलं.

मास्तर म्हणाले, "झालं तुझं? आण ती नक्कल इकडे."

मी कागद घडी करून सदऱ्याच्या आत घातले. "नाय देनार. आठ दिवस आनखी द्या."

"अरे, एकच प्रत आहे ती!"

"म्हनूनच नाय देनार."

आणि निघून आलो. पाठीमागं हसू चाललंच होतं. मी मान वळवली नाही.

तडक चाचांकडं गेलो. "चाचा, तुमी मना बुडवलं."

चाचा मशीन थांबवून म्हणाले, "बाबा रे, कागदावर होतं तेवढंच वाचलं. माझ्या पदरचा एक हर्फ नाही. कसम घे."

त्यांची काय चूक? गिऱ्हाइकानं दिलेल्या मापात एक सूतही कमी-जास्त न करणारा माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी कात्री उचलली आणि कंसातलं नि वरचं, जे माझ्या तोंडी नव्हतं ते सगळं, कराकरा कापून काढलं. नक्कल फणीसारखी दातेरी झाली. "आता उरलंय ते तुझं," म्हणाले.

पण उरलेलं बोलायचं कधी? पुढचा माणूस काय म्हणतो तेच कापून टाकलेलं. मी दुकानाच्या पायरीवर बसलो.

माझी बायको बाजाराला आली होती. तिनं ते तुकडे गोळा केले. तिला एक अक्षर येत नव्हतं. चाचांना म्हणाली, "चाचा, एकेक वाचा. मी खोत होतंय."

चाचांनी वाचलं, तिनं दोनदा ऐकलं, झालं. मला जे आठ दिवस लागले ते तिला एक संध्याकाळ. तुकडे पदराच्या गाठीला बांधले आणि उठली.

एकच तुकडा तिनं चाचांना परत केला. चाचांनी वाचला होता, "खोताचे पाय धरतो."

"हा मी नाय घेत," ती म्हणाली. "ह्यो तुमीच ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून मिठागरात तालीम. मी फळी ओढतोय, ती डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून येतेय, आणि माझ्यासमोर आली की गरजतेय, "हे शेत माझं आहे! वाट सोड!" बाकीचे काम सोडून बघायचे. तिला खोतीण म्हणायला लागले.

"काय गं खोतीन, आज कुलाला हाकललंस काय?"

"हाकलतंय कवाचं. हटत नाय मेला!"

घरी तेच. चुलीसमोर बसलो की, "वाट सोड, भाकऱ्या करायच्या हायेत." त्या आठ दिवसांत तिचा खोत मास्तरांच्या खोतापेक्षा चांगला झाला होता, हे मी आजही कोणासमोर सांगेन.

पुढच्या रविवारी मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोललो. एक शब्द हुकला नाही. कोणी हसलं नाही. संपल्यावर कारकूनच म्हणाला, "मास्तर, हे काम ह्यालाच द्या. मी गडी होतो. गड्याला पाठ करायला नको." मोठ्या मनाचा माणूस.

मास्तरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं केलंस. फक्त शेवटी तू पाय धरले नाहीस. खोत जमीन देतो, तू त्याचे पाय धरतोस, पडदा."

"त्ये नाय करनार."

"म्हणजे?"

"पाय नाय धरनार, मास्तर. बाकी सगळं करीन."

"अरे, नाटक आहे हे!"

"आमच्यात ते खऱ्यात झालंय. नाटकात तरी नको."

मी दहा वर्षांचा असताना माझ्या बापानं आमच्या खोताचे पाय धरलेले मी बघितले आहेत. ओसरीच्या खालच्या पायरीवर बसून. चिखलातून तसाच गेला होता. खोतानं पाय मागं घेतला आणि गड्याला हाक मारून म्हणाला, पाणी आण, पाय धुवायचाय. बाप तिथंच बसून राहिला, हात पुढं तसेच. हे मी त्या वर्गात सांगितलं नाही. कशाला सांगू? माझा बाप काय त्यांच्या तालमीचा विषय होता?

मास्तर आधी समजुतीनं बोलले. "खोत तुला जमीन देतोय. मग तू काय करणार?"

"घेईन."

"आणि उपकार?"

"जमीन बापानं खाडीतून काढली, असं तुमीच लिवलंय. मग उपकार कसला?"

मास्तर लाल झाले. "उद्या मरायचं काम दिलं तर? तेही नाही करणार?"

"मरीन. सांगाल तितक्या वेळा मरीन. पाय नाय धरनार."

"मग येऊ नकोस."

"येनार. काम माजं हाय."

चार दिवसांवर प्रयोग. कारकुनाला एक ओळ पाठ नव्हती आणि नक्कल माझ्यापाशी. शेवटी मास्तर म्हणाले, "बरं. लोकांसमोर उभा राहिलास की आपोआप वाकशील." जे सांगायचं ते सांगून झालं होतं.

चैत्रातला प्रयोग. तळ्याजवळच्या मैदानात मांडव, ग्यासबत्त्या, पुढं खुर्च्यांवर वकील, व्यापारी, दोन-तीन जमीनदार. एका बाजूला बायका. सगळ्यात मागं आमच्या गावचे लोक, उभे. मिठागर लवकर सोडून आले होते.

पहिला अंक बरा गेला. दुसऱ्यात मी, "बांध घालून खाडीतून काढलंय," म्हटलं तेव्हा मागून कोणीतरी, "व्हय रं बाबा!" म्हणून ओरडलं. खुर्चीवाले वळून बघायला लागले. भाला धरून तीन वर्षं उभा होतो, तेव्हा एकदाही माझ्यामुळं कोणी मान वळवली नव्हती.

तिसरा अंक. मास्तरांनी जमिनीचा कागद मला दिला आणि पाय पुढं टाकला. धोतराच्या निऱ्यांतून आलेला स्वच्छ, धुतलेला पाय. माझं शेवटचं वाक्य होतं, "धनी, हे उपकार जन्मभर विसरणार नाही." मास्तरांनी लिहिलेला शब्द मी गाळला नाही. कबूल केलं होतं. पण ताठ उभा राहून, त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं. वाकून म्हटलं असतं तर ते आभार झाले असते. उभ्यानं म्हटल्यावर ते काय झालं, ते पुढच्या खुर्च्यांतल्या दोघा-तिघांना बरोबर कळलं. त्यांनी पाय आवरून घेतले.

मास्तर ओठ न हलवता म्हणाले, "धर."

मी उभा.

आतून मास्तरांची मूळ वही धरून शब्द पुरवणारा वाचत होता, "पाय धरतो, पाय धरतो."

मी उभाच. पाय तसाच पुढं. पडदेवाला वाट बघतोय. सगळं मैदान त्या एका पायाकडं बघत बसलेलं. आणि बायकांच्या बाजूनं माझ्या घरचा आवाज आला, "खोत, पाय घ्या आता आत! थंडी वाजंल!"

मैदान हसलं. आमचे लोक तर हसलेच, कारकून गड्याच्या वेशात मागच्या पडद्याकडं तोंड करून हसला. मास्तरांनी पाय हळूहळू मागं घेतला आणि पडदा पडला.

आत आल्यावर मास्तर म्हणाले, "माझ्या नाटकाचा चुथडा केलास तू." त्यांचं दुःख खरं होतं, मला दिसत होतं. माणूस वाईट नव्हता, मला काम त्यांनीच दिलं होतं. पण मी माफी मागितली नाही. चूक असती तर मागितली असती.

त्या मंडळीनं मला पुन्हा बोलावलं नाही. दोन वर्षांनी निरोप आला, शिपाई हवाय. मी उलट निरोप धाडला, बोलणारा हवा असेल तर सांगा. पुढं कधीतरी सिनेमावाले खाडीवर आले, गर्दीत उभं राहायला माणसं गोळा करत होते. मी विचारलं, बोलायचं आहे काय? नाही म्हणाले. मी परत मीठ भरायला गेलो. गावात आम्ही आमची नाटकं केली, कागदाशिवाय, तोंडातोंडी. पण पनवेलच्या मांडवात बोललो ते तेवढंच, एकदा. तेही कमी नाही, पण पोट भरलं असं मी म्हणणार नाही.

परवा नव्या नाट्यगृहातली दोन पोरं घरी आली. जुन्या कलावंतांचा सत्कार आहे म्हणे. शाल, नारळ, पुढच्या रांगेत खुर्ची.

मी विचारलं, "नाटक कुठलं करताय?"

सांगितलं त्यांनी. घरातला एक म्हातारा आहे त्यात, मुलगा त्याला वृद्धाश्रमात पाठवतो.

"म्हाताऱ्याचं काम कोण करतंय?"

"आमच्यातलाच एक जण, आजोबा. केस पांढरे करणार."

"माझे आयते पांढरे आहेत. बोलायला किती आहे?"

दोघं एकमेकांकडं बघायला लागली. एक म्हणाला, "आजोबा, तुमचं वय... पाठांतर झेपेल का?"

"नक्कल दे आणि आठ दिवस थांब."

विचारून कळवतो म्हणाली. शाल घ्यायला मी जाणार नाही, ते त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. तालीम रविवारी दुपारी असते, मागच्या दारानं आत जायचं, एवढं मात्र विचारून घेतलंय. कळवलं तर ठीक. नाही कळवलं तरी रविवारी मी जाणारच आहे.