उंदराच्या आरएनएची जुनी नावं

“मॅडम, दहा नावं टाकून पाहिली. सात सापडत नाहीत. सोमवारी कमिटीसमोर काय दाखवू?” नागपूरहून प्रोजेक्टच्या सरांचा फोन होता. वार बुधवार.

पेशीतले काही आरएनए प्रोटीन कसं बनवायचं ते सांगतात. काही सांगत नाहीत, तरी कामाचे असतात. ते नॉनकोडिंग. माणूस, उंदीर, गाय अशा सस्तन प्राण्यांमधले असे आरएनए शोधनिबंधांतून वेचून डेटाबेसमध्ये भरायचे, हे काम दोन हजारच्या दशकात आमच्या चंद्रपूरच्या कॉलेजकडे होतं.

चूक माझीच होती. एकाच आरएनएला प्रत्येक लॅब वेगळं नाव देते. यादी नीटनेटकी व्हावी म्हणून मी एकेक प्रमाण नाव ठेवलं आणि बाकीची डिलीट केली. बॅकअपच्या सीडीवरही तीच साफ केलेली फाइल. सर मात्र जुन्या नावांनी शोधत होते. सगळे निबंध पुन्हा वाचायला महिने लागले असते.

लायब्ररी अटेंडंट निर्मलाबाई आमची टायपिंगही करायच्या. माझा चेहरा पाहून त्या थांबल्या.

“काऊन बसल्या अशा?”

मी सांगितलं. त्या उठल्या आणि कार्डांचा लाकडी खण घेऊन आल्या.

“आरएनएचा पेपर आला का मी कार्ड करून ठेवते. ज्या पेपरात जे नाव असंल ते. पुस्तकाले दोन नावं असली तं दोन कार्डं करा लागते न.”

“मला सांगितलं नाहीत?”

“तुमी इचारलंच नाई.”

मी त्यांचे हात धरले.

तीन दिवस त्या कार्डं वाचत होत्या, मी टाइप करत होते. लाइट जायची तेव्हा खिडकीशी बसून कार्डं लावायचो. प्रत्येक नोंदीला ‘इतर नावं’ असा कॉलम जोडला. रविवारी सरांनी तीच दहा नावं टाकली. दहाही सापडली.

“कार्डं कोणाची?” त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

“मग त्यांचं नाव डेटाबेसच्या पहिल्या पानावर टाका. तुमच्या शेजारी.”

निर्मलाबाईंनी त्या पानाचा प्रिंटआउट मागितला. “गावी, माजरीले नेते. घरी वाटते का मी नुसती धूळ झाडते.”

पुढे मी अनेक डेटाबेस केले. डिलीट करण्याआधी आता शेजारच्या माणसाला विचारते. बॅकअप बहुधा त्याच्याकडेच असतो.