पाणी, चाक, पाय

दादा घरी आला की आधी कोणाशी बोलत नसे. अकोल्याहून बडनेऱ्यापर्यंतचे साठेक मैल सायकलवर तोडून तो शनिवारी दिवेलागणीला अंगणात उतरायचा, सायकल भिंतीला टेकवायचा आणि उभ्याउभ्याच मानेच्या शिरेवर दोन बोटं ठेवून दुसऱ्या हातातल्या घड्याळाकडे बघत राहायचा. ओठ हलत असायचे. माय पाण्याचा तांब्या घेऊन समोर उभी असायची, पण एक मिनिट भरल्याशिवाय तो तांब्याला हात लावायचा नाही. ते मिनिट मायला फार जड जायचं. "काय मोजून राहिला वं हा? छातीत काई हाय काय याच्या?" असं ती मला हळूच विचारायची. शाळेत शिकवते म्हणून मला सगळं कळतं, असा तिचा समज होता. मला काहीच कळत नव्हतं. मीही ते मिनिट श्वास धरूनच काढायचे.

दौलत त्याचं नाव. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. बाबा रेल्वेत गँगमन होते आणि आमचं लहानपण चांदूर रेल्वेला गेलं. तिथे रुळांखाली टाकायची खडी काढून काढून एक खदान झाली होती. पावसाळ्यात ती भरायची आणि पाणी उन्हाळ्यापर्यंत टिकायचं. गावातल्या विहिरींवर आम्हाला मज्जाव होता. खदानीवर कोणाचाच हक्क नव्हता, म्हणून ती आमची होती. दादा तिथे पोहायला शिकला, आणि आपलं आपणच शिकला. मी काठावर उभी राहून तो वर येईपर्यंत आकडे म्हणायचे. एकदा पन्नासाच्या पुढे गेले आणि रडत सुटले. तो पलीकडच्या काठाला निघून हसत होता.

पुढे तो मॅट्रिक झाला आणि अकोल्याच्या एका सरकारी कचेरीत कारकून लागला. आमच्या घराण्यात खुर्चीवर बसणारा तो पहिला. बाबांची बदली तोवर बडनेऱ्याला झाली होती. स्टेशनात कोणी भेटला की ते त्याला थांबवून सांगायचे, "पोरगा अकोल्याले हाय. पंख्याखाली बसते."

पण पंख्याखाली बसणं दादाला जमेना. सकाळी कचेरीच्या आधी पळायला जायचा, सुटीच्या दिवशी नदीवर. सायकलच्या शर्यतींत त्याचा नंबर यायला लागला. शर्यत दूरच्या गावी असली की रजा लागायची आणि रजा मिळायची नाही. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या वर्षी एका रविवारी तो जेवता जेवता म्हणाला, "मी राजीनामा देल्ला."

मायचा हात भाकरीवरच थांबला. "काहून? कोनी काई बोललं काय तुले तिथं?"

"कोनी काई नाई बोललं, माय. मलेच बसवत नाई. आता गावोगावी जाईन. पोहीन, सायकल चालवीन, पळीन. लोक बोलावून राहिले."

बाबांनी ताटातच हात धुतला. आमच्या घरात अन्न टाकलं जात नसे. त्या दिवशी अर्धी भाकर ताटात राहिली. "तू खुर्चीवर बसावं म्हनून मी तीस वर्सं पटरी ठोकली," एवढंच म्हणाले आणि ड्यूटी नसताना स्टेशनाकडे निघून गेले. त्यानंतर त्यांनी दादाशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर मायला सांगायचे, तोही तिथेच बसलेला असताना.

दादाचा खेळ त्याने स्वतःच बसवला होता. गावात गेला की आधी तिथला तलाव किंवा नदी पोहून पार करायची, ओल्या अंगाने सायकलवर बसून मैदानाला फेऱ्या घालायच्या, आणि उतरला की लगेच वेशीपर्यंत पळत जाऊन परत यायचं. हे सगळं एकामागून एक, मध्ये बूड न टेकता. बाजाराचा दिवस असला की गाव लोटायचं. कुठे तालीम त्याला जेवू घालायची, कुठे सायकलचा दुकानदार टायर द्यायचा. तेवढ्यावर त्याचं चालायचं. एकेक खेळ वेगवेगळ्या दिवशी का नाही दाखवत, असं मी त्याला विचारलं होतं.

"त्यात काय मजा?" तो म्हणाला. "पान्यानं हात थकते. चाकानं मांड्या थकते. मंग पाय इचारते, आता माह्यात काय उरलं? तवा जो उरते तो खरा मानूस. आधी पानी, मंग चाक, मंग पाय. हे काई बदलत नाई."

मला त्यातलं पाणीच नको होतं. पोहणाऱ्याची भीती नव्हती. पण गावं कशी असतात ते मला ठाऊक होतं. तलावात उतरणारा कोण, हे कोणीतरी विचारणारच होतं. मी त्याच्याकडून वचन घेतलं की दर आठवड्याला एक कार्ड टाकायचं. पोस्टमन शाळेच्या वेळेत यायचा. वर्गात पाढे चालू असताना माझं लक्ष खिडकीबाहेर असायचं.

एके वर्षी, थंडी नुकती सुरू झाली होती, पातूरच्या बाजूच्या एका मोठ्या गावाहून कार्ड आलं. 'इथे दोन दिवस तलावाच्या पाळीवर बसून आहे. लोक म्हणतात सायकल चालवा, पळा, पण तलाव राहू द्या. मी म्हटलं पाणी नाही तर काहीच नाही. बघू काय ठरते. काळजी करू नये.'

त्यानंतर कार्ड आलं नाही. एक आठवडा, दोन, तीन. मायला मी खोटंच सांगत होते की शाळेच्या पत्त्यावर येऊन गेलं. रोज तेच कार्ड काढून वाचायचे. चौथ्या आठवड्यात रजा टाकली आणि अकोल्याला जाऊन पातूरची मोटार धरली.

त्या गावात उतरले तेव्हा दुपार होती. फाट्यावरच्या चहावाल्याला विचारलं. "तो पोहनारा? तो गेला," तो म्हणाला.

"गेला म्हणजे?"

"गेला म्हंजे गेला, बाई." आणि त्याने किटलीत डोकं घातलं.

मी तिथून आमच्या लोकांच्या वस्तीपर्यंत कशी चालत गेले ते मला आठवत नाही. वस्तीत एक म्हातारी तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दादाचं नाव काढताच तिने मला हाताला धरून खाली बसवलं आणि पाणी दिलं. मग सांगितलं. तिसऱ्या दिवशी सकाळी तो पाण्यात उतरला. "पाटलाचे लोक काठ्या घेऊन उभे होते, बाई. आमी बी उभे होतो, पन लांब. हा आपला निंगाला. मंधात गेला, पार झाला, वापस आला. कोनी दगड बी नाई मारला. पाहतच रायले सारे." मग त्याने सायकल चालवली, पळाला, आणि जेवून पातूरच्या घाटाकडे निघाला. तिथे पडल्याचं तिने ऐकलं होतं.

तो मला पातूरच्या दवाखान्यात सापडला. घाटाच्या उतारावर बकरी आडवी आली होती. उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, हात छातीशी बांधलेला. मला बघून तो हसला.

"कार्ड का नाही टाकलंस?"

"उजवा हात बांधेल हाय. डाव्यानं लिहून पाह्यलं, इंदे. असं अक्षर आलं का ते पाहून तू आनखीन भेली असती."

मी त्याला घरी आणलं. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि मायला म्हणाले, "त्याले दूध दे."

त्याच दिवसांत माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं. मुलाकडचे शिकलेले, सरळ लोक होते, पण भाऊ नोकरी सोडून गावोगाव खेळ करत फिरतो हे त्यांच्या गळी उतरत नव्हतं. अशात कचेरीतल्या दादाच्या जुन्या साहेबांचा निरोप आला, की अर्ज करत असेल तर पुन्हा घेण्यासाठी ते शब्द टाकतील. मी अर्ज लिहिला. सुंदर अक्षरात, शाळेच्या टाकाने. खाली सहीची जागा सोडली आणि त्याच्यापुढे धरला.

त्याने तो दोनदा वाचला. "माह्या हाताले तं सही येत नाई आता," तो म्हणाला. "तूच कर. तू केली तं मी जाईन. पुन्हा तुले कधी बोल लावनार नाई."

तो अजिबात चिडला नव्हता. तो चिडला असता तर मी कागद फाडला असता. मी ओसरीवर बसले आणि त्याच्या सहीसारखी सही केली. 'दौलत' मधला त लांब ओढायची त्याची सवय होती, तोही तसाच ओढला. हे त्याच्या भल्यासाठी करते आहे असं मी मायला सांगितलं, स्वतःलाही सांगितलं. अर्ज टपालात पडला त्या क्षणापासून मला जेवण गेलं नाही. नोकरी मिळाली नाही तर काय, याची धास्ती होती आणि मिळाली तर काय, याची त्याहून जास्त.

महिन्याभराने उत्तर आलं. जागा भरली गेली होती. दादाने कागद घडी घालून मला परत दिला. "सही मात्र झकास केली होती तू," म्हणाला. नंतर मी कितीदा तो विषय काढायचा प्रयत्न केला. दर वेळी तो काहीतरी दुसरंच बोलायचा. माझं लग्न झालं ते त्या कागदाशिवायच झालं. खेळ सोडणार नाही असं दादाने सासऱ्यांना सरळच सांगितलं. ते म्हणाले, भाऊ हात मोडून घेतो पण खोटं बोलत नाही असं दिसते. मी मान खाली घातली.

खांदा जुळला, पण हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी पोहणं बंद करायला सांगितलं. दादाने फक्त कुशीवर पोहायची नवी तऱ्हा शोधली. दोन वर्षांनी तो पुन्हा निघाला.

त्याचा खेळ मी एकदाच पाहिला, मोर्शीला, नवऱ्यासोबत. संत्र्याच्या गाड्या उभ्या करून लोक त्यांवर चढले होते. तो पाण्यात उतरला तेव्हा मी मान फिरवली. नवरा मला हळूच सांगत राहिला, आता मध्यावर आहे, आता वळला. शेवटी पळताना तो आमच्या अगदी जवळून गेला. उजवा खांदा खाली झुकलेला, तोंड उघडं, छाती भात्यासारखी. त्याने मला पाहिलं नाही. त्याच्या चेहऱ्यावर मी इतकी वर्षं जे कल्पिलं होतं त्यातलं काहीच नव्हतं. भीती नव्हती, झगडाही नव्हता. हिशेब जुळवत बसलेला कारकून जसा दिसतो, तसा तो आपल्या कामात गढलेला दिसत होता. घरी येताना गाडीत मी रडले आणि नवऱ्याला कारण सांगू शकले नाही.

तो पाण्यात बुडाला नाही. रस्त्यावर कुठल्या मोटारीखाली आला नाही. काठ्या घेऊन कोणी त्याच्यावर धावून गेलं नाही, आणि छातीतही काही नव्हतं. सदुसष्टच्या पावसाळ्यात अकोल्याला त्याला साधा ताप आला, चौथ्या दिवशी डोक्यात गेला आणि दवाखान्याच्या खाटेवर, आम्ही सगळे भोवती असताना, तो गेला. पस्तीस-छत्तीस वर्षांचा होता. ज्या एका गोष्टीची धास्ती घ्यायची माझ्याकडून राहून गेली होती, तिनेच त्याला नेलं.

दुखवट्याला कुठून कुठून माणसं आली. आम्हाला नावं ठाऊक नसलेल्या गावांहून आली. पातूरकडचेही सात-आठ जण होते. ते बाबांजवळ बराच वेळ बसले. काय बोलले ते मी ऐकलं नाही.

महिन्याभराने बाबा मला म्हणाले, "त्या तलावाच्या गावाले घेऊन चाल मले." आम्ही मोटारीने गेलो. तलाव काठोकाठ भरला होता. उतरायला दगडी पायऱ्या होत्या, शेवाळलेल्या. बाबांनी जोडे काढले, धोतर वर खोचलं आणि पायऱ्या उतरायला लागले. तिसऱ्या पायरीवर पाणी लागलं. त्यांना पोहता येत नव्हतं. मी वरून म्हणाले, "बाबा, जपून. पुढे जाऊ नका."

त्यांनी वळून पाहिलं नाही. आणखी एक पायरी खाली उतरले.