डाव्या हाताची बंदूक

मंदाकिनीबाई कराडहून लेकीकडे ऑकलंडजवळच्या पापाकुराला आल्या त्याला आता चार महिने होत आले होते. थंडी ओसरली होती आणि मागच्या अंगणातल्या लिंबाला कळ्या धरल्या होत्या. जावई सुशीलराव आणि लेक प्रणिता कामावर गेले की बाई देवपूजा उरकायच्या आणि खिडकीशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या.

प्रणिता इथे आली ती शिकायला. बागायतीचा डिप्लोमा करता करता एका डेअरीत काउंटरवर उभी राहायची. कोपऱ्यावरच्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात हे कळेपर्यंत बाईंना वाटायचं, लेक दूध विकते. आता ती पुकेकोहेच्या एका नर्सरीत रोपांचा अख्खा विभाग सांभाळते. तिथल्याच मैत्रिणीच्या नादानं ती नेमबाजीच्या क्लबात गेली आणि तिथलीच झाली. रीतसर लायसन्स काढलं, घरात लोखंडी कपाट बसवलं आणि साउथ आयलंडमधून एक जुनी रायफल मागवली. जुनी का, तर प्रणिता डावखुरी, आणि डाव्या हाताची रायफल सहजासहजी मिळत नाही. तिचा बोल्ट, म्हणजे मागून उघडझाप करायचा दांडा, डाव्या अंगाला असतो.

त्या डाव्या हातापायी बाई एकदा शाळेत जाऊन भांडल्या होत्या. वर्गातल्या बाई पोरीच्या बोटांवर पट्टी मारून म्हणायच्या, "उजव्यानं लिही, होईल सवय." मंदाकिनीबाईंनी शांतपणे सांगितलं, "देवानं दिलेला हात आहे. लिहू दे तिला." मात्र एका बाबतीत त्या स्वतःही ऐकायच्या नाहीत. प्रसाद घ्यायचा तो उजव्या हातातच.

खंडेनवमी आली. बाईंचे यजमान गोपीनाथराव हयात होते तोवर कराडच्या घरात या दिवसाचा थाट असायचा. ते एसटीच्या डेपोत मेकॅनिक. पाने, पकडी, हातोडी सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचे. शेजारी बाईंची विळीसुद्धा असायची. ज्याच्यावर पोट चालतं आणि नाव होतं, त्याला वर्षातून एकदा हात जोडायचे, एवढाच त्यातला भाव.

"प्रणे, तुझं हत्यार आण," बाई म्हणाल्या.

प्रणितानं कपाट उघडून रायफल आणली, आत गोळी नाही ना ते बघितलं आणि बोल्ट उघडा ठेवून ती पाटावर ठेवली. क्लबाची शिस्तच तशी. रायफल खाली ठेवली की बोल्ट उघडा हवा, रिकामी आहे हे कुणालाही दिसलं पाहिजे. बाईंनी लाकडाला हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं आणि वरून कुंकवात भिजलेल्या अक्षता टाकल्या. त्यांची शिस्त तशी.

दुसऱ्या दिवशी दसरा. संध्याकाळी प्रणिता सरावाला गेली ती तोंड उतरवून परत आली. बोल्ट बंद केला की चापाला बोट न लावताच आतून खट्‌ आवाज व्हायचा. क्लबातल्या माणसानं प्रेमानंच सांगितलं, पण ठाम सांगितलं, की दुरुस्त झाल्याशिवाय ही रायफल इथे चालणार नाही. आणि शनिवारी ऑकलंडच्या बायकांच्या टीमची निवड. तीन वर्षं ती या एका दिवसासाठी झटत होती. क्लबात उसनी द्यायला दहाजणी तयार होत्या, पण सगळ्यांच्या रायफली उजव्या हाताच्या.

"म्हणजे हातात उद्याचा एकच दिवस," प्रणिता म्हणाली. "आई, येतेस माझ्याबरोबर? एकटीला जीव घाबरतो."

सकाळी दोघी निघाल्या. ऑकलंड केवढं पसरलेलं! फोनवर सगळ्यात जास्त चांदण्या असलेलं दुकान मोटरवेपलीकडे होतं. अर्ध्या भागात मासे पकडायचे गळ, अर्ध्या भागात बंदुका. काउंटरवरच्या माणसानं रायफलीच्या पेटीकडे बघून विचारलं, "पार्टनरची का?"

"माझ्या नवऱ्याला माशी मारता येत नाही," प्रणिता लायसन्स पुढे ठेवत म्हणाली. "माझीच आहे."

तो ओशाळला, पण त्यांचा कारागीर पुढच्या आठवड्यात येणार होता.

दुसऱ्या दुकानातल्या माणसानं पेटी उघडलीसुद्धा नाही. त्यानं कोरी करकरीत रायफल काढली. ही हीप्स बेटर, म्हणजे कितीतरी पटीनं चांगली, म्हणाला. प्रणिता म्हणाली, "ही उजव्या हाताची आहे." तो हसून म्हणाला, "यू'ल गेट यूज्ड टू इट."

मंदाकिनीबाईंचं इंग्रजी बेताचंच, पण एवढं त्यांना बरोबर कळलं. त्यांनी पदर सावरला. "चल गं इथून. ही बाई मला शाळेतच भेटली होती."

गाडीत बसल्यावर प्रणिता स्टिअरिंगवर डोकं टेकून बसली. "आता कुठे जाऊ?"

"अगं, सोनार चांगला कोण, हे आपण सोनाराला विचारतो का? जिच्या हातातल्या बांगड्या वर्षानुवर्षं धड आहेत तिला विचारतो. तुमच्या क्लबात सगळ्यात जुनी बंदूक कुणाची?"

प्रणितानं मान वर केली. सगळ्यात जुनी जोनची. सत्तरी उलटलेली बाई, आणि तिची रायफल प्रणितापेक्षा वयानं मोठी. फोन केला तर जोन हसायलाच लागली. ग्लेन ईडनला जा, म्हणाली. गाड्यांचे पत्रे ठोकतात त्याच्या मागे बंदुकांचा एक कारागीर बसतो. तो फोन उचलत नाही आणि पाटीही लावत नाही. सरळ आत शिरा.

आत पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा होता. "किया ओरा," असा इथला नमस्कार त्यानं आधी बाईंना केला, मग प्रणिताला. बाईंनीही हात जोडून "किया ओरा" म्हटलं. त्यानं लायसन्स बघितलं, रायफल रिकामी आहे याची खात्री केली आणि पहिलं विचारलं, "ही कशासाठी वापरतेस, आणि कधी लागणार?"

बाईंना तिथेच बरं वाटलं. विकायच्या आधी विचारणारा माणूस होता.

त्यानं बोल्ट बंद केला. खट्‌. मान डोलावली, लाकूड सोडवलं, दिव्याखाली धरलं आणि चिमट्यानं आतून काहीतरी बाहेर काढलं. तांबडालाल तांदळाचा दाणा.

"हे काय?"

मंदाकिनीबाईंच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. आपल्याच हातानं आपण लेकीच्या वाटेत दाणा टाकला! आता ही परक्या माणसाला काय सांगणार? कचरा म्हणेल, चुकून पडला म्हणेल. आणि म्हटलं तरी बिचारीचं काय चुकलं?

प्रणितानं आईच्या खांद्यावर हात ठेवला आणि सरळ इंग्रजीत सांगितलं, "तांदूळ आहे. माझ्या आईनं या रायफलीची पूजा केली. वर्षातून एकदा आम्ही आमच्या हत्यारांचे आभार मानतो. माझे बाबा पान्यांचे मानायचे."

म्हाताऱ्यानं मागे वळून भिंतीवर ओळीनं टांगलेल्या स्वतःच्या हत्यारांकडे जरा वेळ बघितलं. मग फळीवरची बरणी खाली घेतली. तिच्यात बंदुकांतून निघालेल्या वस्तू होत्या. पाइनची सुई, वाळलेली गांधीलमाशी, चॉकलेटच्या कागदाचा तुकडा. त्यानं तो दाणा सगळ्यांच्या वर अलगद ठेवला.

"यातली ही एकच वस्तू मुद्दाम घातलेली," तो बाईंना म्हणाला. "पुढच्या वर्षी आशीर्वाद द्या, पण बोल्ट बंद करून."

प्रणितानं त्याचं मराठी करून सांगितलं, तेव्हा बाई तोंडाला पदर लावून हसल्या. त्यानं चाप साफ केला, पुन्हा पुन्हा तपासला आणि मनासारखं झाल्यावरच पेटी बंद केली.

घरी ऐकून सुशीलराव म्हणाले, "आई, घरात खरा नेम तुमचा. एवढ्याशा भोकात बरोबर टाकलात!"

"तुम्ही गप्प बसा. माशी मारता येत नाही म्हणे तुम्हाला."

शनिवारी बाई क्लबात मागच्या बाकावर बसल्या. लांबचं लक्ष्य त्यांना दिसत नव्हतं. त्या लेकीच्या पाठीकडे बघत मनातल्या मनात देवाचं नाव घेत होत्या. ती पाठ श्वासासरशी वर व्हायची, खाली यायची, थांबायची. कुठे घाई नाही, कुठे थरथर नाही. हिला हे कुणी शिकवलं? परक्या देशात हिचं हिनंच शिकून घेतलं.

नावं वाचली गेली. शेवटचं नाव वाचणाऱ्याला नीट जमलं नाही, पण ते प्रणिताचंच होतं. जोननं एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की बाईंना अर्थ विचारावा लागला नाही.

प्रणिता धावत आली. बाईंनी कनवटीची पुडी सोडली. दसऱ्याच्या पूजेतली खडीसाखर होती.

"रायफल कुठाय? बोल्ट उघडा असेल, तिच्याजवळ मी येत नाही बाई."

"पेटीत आहे. दे," म्हणत प्रणितानं लहानपणच्या सवयीनं उजवा हात पुढे केला.

"तो नको. डावा कर."

"आई, प्रसाद आहे ना?"

"आहे तर," मंदाकिनीबाई म्हणाल्या, आणि लेकीचा डावा तळवा आपल्या हातात धरून त्यावर त्यांनी खडीसाखर ठेवली.