उठवलेला कळप

दैवशालाला राग सहसा येत नसे. पण एकदा आला, की चूल मांडून मुक्कामालाच बसे. रणधीर सरांवरचा राग असाच बसला होता, आणि त्याला कारणही तसंच होतं.

धाराशिवात सरांची संगणक शिकवायची संस्था. पाटी मोठी, सरांचा आवाज त्याहून मोठा. येरमाळ्याच्या बिरू मेंढपाळाची ही लेक तिथली प्रयोगशाळा सांभाळायची. पोरांच्या सरावासाठी तिनं जुनेपाने संगणक एकमेकांना जोडून त्यांचे गट, म्हणजे क्लस्टर, केले होते. एक बंद पडला तर दुसऱ्यानं त्याचं काम उचलायचं. त्यांवर ॲप्लिकेशन सर्व्हर, म्हणजे ॲप चालवणारं सॉफ्टवेअर, बसवला आणि त्यात पोरांचे प्रकल्प चालवले. पुण्याचे पाहुणे बघायला आले तेव्हा सर म्हणाले, "हे सगळं मी उभं केलं." आयत्या बिळावर नागोबा! दैवशालानं तेही गिळलं.

नेमका त्याच वेळी बिरू दारात आला. खांद्यावर घोंगडं, हातात लेकीसाठी ओल्या शेंगांची पिशवी. हा कुणाचा बाप ते सरांना चांगलं ठाऊक होतं.

"ह्या मेंढक्याला आत कुणी सोडलं? वास मारतोय. काढा बाहेर," सर पाहुण्यांसमोर म्हणाले.

"जातो साहेब. चुकलं," बिरू म्हणाला आणि रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसला.

सरांच्या बोलण्यापेक्षा बापाचं ते 'चुकलं' दैवशालाला जास्त झोंबलं. त्याच घडीला तिनं मनाशी ठरवलं, की या माणसाला सोडायचं नाही.

सूड कसा घ्यायचा हे तिनं बापाकडूनच पाहिलं होतं. मेंढपाळ शेतकऱ्याच्या रानात रात्री मेंढरं बसवतो, त्यांच्या लेंडीखतानं रान कसदार होतं. ज्ञानोबा नावाच्या बड्या शेतकऱ्यानं एकदा तिच्या आईला, सिताबाईला, विहिरीवर घाण शिवी दिली. दिवस मावळायच्या आत बिरूनं त्याच्या रानातला कळप उठवला आणि बांधापलीकडच्या रानात बसवला. त्या साली पलीकडची ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली, ज्ञानोबाची गुडघ्याशीच अडकली. येरमाळ्याच्या एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची.

पाहुणे मुक्कामाला गेल्यावर सरांचं फर्मान आलं. सराव संपला, नव्या बॅचसाठी मशीन मोकळ्या पाहिजेत. "सगळं काढून टाक. काही ठेवू नको."

आता सरांची गंमत ऐका. संस्थेचं ॲप त्यांना दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना पुन्हा नीट दाखवायचं होतं. ते आपल्या लॅपटॉपमध्येच आहे अशी त्यांची पक्की समजूत, कारण लॅपटॉपवर त्याचं चित्र होतं. चित्र दाबलं की ॲप उघडायचं. पण ते दैवशालाच्या सरावाच्या क्लस्टरवरून उघडतं, हे विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

"सगळं म्हणजे सगळं, सर?" तिनं विचारलं.

"मराठी कळत न्हाय का तुला?"

"कळलं, सर."

लगेच ती कामाला बसली. आधी ॲप्लिकेशन थांबवून काढायची, मग सर्व्हर बंद करायचे, क्लस्टर मोडायचे, सगळ्यात शेवटी मूळ सॉफ्टवेअर काढायचं. तळ हलवताना मेंढपाळ मेंढरं कोंडायच्या जाळीचा एक खुंटा मागं ठेवत नाही, तसं तिचं चाललं होतं. एरवी ती काढण्याआधी प्रत घ्यायची. या वेळी घेतली नाही. कुणी सांगितलं होतं?

मधेच करिश्माचा प्रकल्प समोर आला. ढोकीची पोर, बाप उसाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. घरी संगणक नाही, सगळं काम इथंच केलेलं. दैवशालाचा हात थबकला. मग कानात पुन्हा 'चुकलं' घुमलं, आणि तिनं बटण दाबलं. असेल तिच्याकडं कुठंतरी, असं तिनं स्वतःला सांगितलं. नव्हतं, हे तिला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी पाहुण्यांसमोर चित्र दाबलं. पडदा कोरा. पुन्हा दाबलं, पुन्हा कोरा.

"दैवशाला! ॲप कुठंय?"

"काढलं, सर. तुम्हीच म्हणालात, काही ठेवू नको."

"मग परत बसव की!"

"तुम्हीच उभं केलं होतं ना, सर? तुम्हीच बसवा."

एक पाहुणा फस्सकन हसला. सरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. दैवशालाला आयुष्यात इतकं गोड काही लागलं नव्हतं. तिनं पिशवी उचलली, नोकरीला तिथंच रामराम ठोकला आणि येरमाळ्याची एसटी धरली.

बिरू रानात कोकराच्या खुरातला काटा काढत होता. "आबा, तुमच्यावानीच केलं. कळप उठवला!" म्हणत तिनं सगळं रंगवून सांगितलं. 'तुम्हीच बसवा' ऐकून म्हातारा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. मग हसू आवरत त्यानं विचारलं, "आन् त्यात दुसऱ्या कुणाचं काय हुतं का गं?"

तिनं करिश्माचं सांगितलं. बिरूनं कोकरू खाली सोडलं.

"म्या उठवली ती माझी मेंढरं हुती, पोरी. कुणाच्या उभ्या पिकात न्हाय घातली."

दैवशालाच्या फोनवर करिश्माचा निरोप एसटीत असतानाच येऊन पडला होता. 'ताई, सोमवारी परीक्षा हाय. माझं कायच दिसंना. पण तुमी ठिवलं असंल, मला म्हाईत हाय.'

रणधीर सरांवरचा तिचा राग अजून तसूभरही कमी झाला नव्हता. पण करिश्माला उत्तर द्यायला ती बांधावर बसली, तेव्हा दुसरं काही सुचेना. तिनं लिहिलं, 'चुकलं.'