मातीवाल्याच्या शोधात

"या पावसात कोकणात? डोकं ठिकाणावर आहे ना?" हिने विचारलं. मी दुर्बीण पिशवीत कोंबली आणि निघालो. तिबोटी खंड्या या चिमुकल्या पक्ष्याच्या नादात माझे दोन हिवाळे फुकट गेले होते. या खेपेलाही दिसला नाही तर हा नाद कायमचा सोडायचा, असा शब्द मी तिला देऊन बसलो होतो.

रेवसच्या लाँचचा पावसाळ्यात भरवसा नाही, म्हणून पनवेल, पेण, अलिबाग असा एस.टी.चा प्रवास. चौलच्या वाड्यांतून सुपारीची झाडं निथळत होती. रेवदंड्याला तरीत (माणसं पलीकडे नेणारी होडी) चढताना एक चप्पल चिखलाने गिळली. दुसरी मीच खाडीला दिली.

बोर्लीजवळच्या कोळीवाड्यात चंद्राबाईंकडे उतरलो. गेल्या हिवाळ्यातही त्यांच्याचकडे होतो. तेव्हा "खंड्या कुठे दिसेल?" म्हणून विचारलं, तर त्यांनी मासे वाळवायच्या बांबूवर बसलेला मोठा खंड्या दाखवला होता. मग मी वहीत रंगवलेलं चित्र पुढे केलं आणि त्या खो खो हसल्या. "यो तं मातीवाला! हिवाल्यात कला येतंस? (थंडीत कशाला येतोस?) आखाडात ये." त्यांच्याकडे सगळ्यांनाच अरे-तुरे.

होड्या किनाऱ्यावर नारळीच्या झापांखाली होत्या. चार दिवसांवर नारळी पौर्णिमा होती. त्याआधी घराच्या भिंती तांबड्या मातीने सारवायच्या, मगच घरधन्याने दर्यात जायचं, हा चंद्राबाईंचा नेम. ती माती डोंगरातल्या ओढ्याच्या दरडीतली, आणि मातीवाला दिसायचा तोही तिथेच.

सकाळी रात्रीची भाकरी आणि सुकटीची चटणी खाऊन निघालो. पुढे कुदळ-टोपली घेतलेल्या चंद्राबाई, मागे अनवाणी मी. डोंगरावर ढग इतके खाली उतरले होते की त्यांचं लुगडंसुद्धा मधूनमधून दिसेनासं होई. दुर्बिणीच्या काचा धुरकटल्या. माझा धीर सुटत चालला.

ओढ्यापाशी त्यांनी कुदळ उचलली आणि एकदम माझा दंड धरला. "त्यो बघ!"

चिमणीएवढा जीव! लाल चोच, पिवळं पोट, निळी पाठ, डोक्यावर जांभळट झाक. दुर्बीण लागलीच नाही. मला ओरडावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं! पण तो अस्वस्थ होता. चोचीत सापसुरळीचं पिल्लू धरून फांदीवर मान खालीवर करत होता. मग सुळकन दरडीतल्या भोकात शिरला आणि रिकाम्या चोचीने बाहेर आला.

"पिलं आहेत आत," मी कुजबुजलो. भोक नेमकं त्यांच्या मातीच्या जागी होतं. दुसरी चांगली माती पार टेकडीपलीकडे, आणि दिवस उरलेले चार.

चंद्राबाईंनी भोकाकडे एकदा पाहिलं. मग त्यांनी कुदळ खांद्यावर टाकली. "त्याचाबी घरच हाय. चल पलीकडं. पन टोपली तू उचलशील."

उचलली. तीन दिवस चिखल तुडवत टोपल्या वाहिल्या आणि शेवटी हात लाल करून भिंतीही सारवल्या. पौर्णिमेला घर टवटवीत दिसत होतं. घरधन्याने दर्याला नारळ वाहिला, तेव्हा मीही कोळ्यांबरोबर हात जोडले.

घरी आलो. वहीत 'उत्तम हंगाम' या शब्दांपुढे लिहिलेला 'हिवाळा' खोडून 'आषाढ-श्रावण' लिहिलं. ही माझ्या तांबड्या नखांकडे बघत होती.

"दिसला?"

"दिसला! आणि घरही सारवून झालं."

"कुणाचं?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता केरसुणी माझ्या हातात दिली.