कर्ण्याची बायको फेरीला बसते

गावात त्याला सगळे कर्णा म्हणतात. नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण चपखल ठेवलंय यात वाद नाही. डोंगराच्या उतारावर वसलेलं हे जुनं गाव पाहायला बाहेरची माणसं येतात, खालच्या चौकात तिकीट काढतात आणि कर्णा त्यांना आपल्या बाजूंनी उघड्या गाडीत बसवून वरच्या बुरुजापर्यंत नेऊन आणतो. गाडी चालवणारा तोच आणि माहिती सांगणाराही तोच. तोंडासमोर तारेवर वाकवलेला माईक, छपरावर भोंगा, आणि इंजिन असं की चढाला लागलं की पिठाच्या गिरणीसारखं घरघरतं. मग ओरडण्यावाचून गत्यंतरच नाही! वर्षानुवर्षं ओरडून आवाज असा कमावलाय, की खाली चौकात त्यानं "नमस्कार मंडळी" म्हटलं की वरच्या आळीतली कबुतरं उडतात.

आता असा माणूस घरी काय करत असेल? घर डोक्यावर घेत असेल, असंच वाटतं ना? छे! घरी हा तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. घसा म्हणजे पोटापाण्याचं साधन, शेवटची फेरी झाली की तो उघडायचा नाही, असा त्याचा नेम. चहा हवा असला की अंगठा वर. दार लावायचं असलं की तळहात आडवा. जेवण चांगलं झालं असेल तर डावी भुवई चढते, फारच चांगलं झालं असेल तर दोन्ही. पाहुणा आला तर पहिला तासभर त्याला वाटतं, आपण एखाद्या मुक्याकडे मुक्कामाला आलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आणि तो अंधार जिच्या वाट्याला आला ती त्याची बायको. ती चौकातल्या तिकीटखिडकीत बसायची. हसरी, तोंडाची फटकळ, गिऱ्हाइकाला दोन वाक्यांत गाडीत बसवणारी. "जगाला गोष्टी सांगता आणि मला भुवया दाखवता," असं ती नवऱ्याला म्हणायची. हसत म्हणायची, पण म्हणायची. सगळ्या दुनियेला तिनं त्या गाडीतून वर धाडलं, स्वतः मात्र एकदाही गेली नाही. जाणार कधी? गाडी हलली की खिडकीशी पुढच्या फेरीची रांग. गाडी कोपऱ्यावरून वळली की भोंगाही वळायचा. तेव्हा इतक्या वर्षांत तिच्या कानावर पडलं ते "नमस्कार मंडळी" एवढंच. गंमत म्हणजे मंडळीत ती धरलेलीही नव्हती.

मग तिचे गुडघे कुरकुरायला लागले. गुडघे म्हणाले पुरे, तीही म्हणाली पुरे, आणि खिडकीत एक नवी मुलगी आली. सामान आवरून घरी आल्यावर बायको नवऱ्याला म्हणाली, "या रविवारी मी फेरीला येणार. तिकीट काढून, पुढच्या बाकावर. बघू तरी जगाला काय एवढं सांगता ते."

कर्ण्याच्या दोन्ही भुवया चढल्या. आतून तर त्याला असा आनंद झाला की विचारू नका. त्याला कधीपासून वाटत होतं, की आपल्याकडे जे चांगलं आहे ते सगळं आपण परक्यांना वाटलं आणि घरच्या माणसाला उरलंसुरलं गप्प बसणं दिलं. आता ते फेडायची संधी आली होती. फेरी अशी सांगायची की हिनं म्हणावं, अहो, हे तुम्ही होय?

आणि तिथंच माती खाल्ली. रोजची फेरी याला झोपेतून उठवून विचारली तरी पाठ. पण नाही, हिच्यासाठी खास हवी! म्हणून आठवडाभर पठ्ठ्या फेऱ्या संपल्यावर नदीकाठी जाऊन, भणाणत्या वाऱ्यात, समोर कुणी नसताना ओरडून सराव करत बसला. नवी वाक्यं घातली, जुन्या विनोदांना नवी शेपटं लावली. रविवारी सकाळी उठला आणि तोंड उघडलं, तर आतून पंक्चर झालेल्या टायरसारखी नुसती फुस्स हवा. गुळण्या झाल्या, वाफारे झाले, गळ्याला फडकं गुंडाळून झालं. फुस्स ते फुस्सच!

चौकात गाडी भरलेली. पुढच्या बाकावर बायको, ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पर्स घेऊन, पहिल्यांदा शाळेत निघालेल्या मुलीसारखी ताठ बसलेली. कर्ण्यानं खिडकीतल्या मुलीला हातानं खूण केली, की आजची फेरी रद्द. त्याला त्या क्षणी अक्षरशः रडू येत होतं.

"रद्द?" बायको बाकावरूनच गरजली. "जन्मभर मी लोकांना सांगत आले की आमची फेरी रद्द होत नाही. आता माझी पाळी आली तर रद्द? मी बसले ती बसले. घ्या गाडी!"

मागच्या बाकावरची छत्रीवाली बाई म्हणाली, "पण मग माहिती कोण सांगणार?"

"ते बघू," बायको म्हणाली. तिला तरी कुठं माहीत होतं!

गाडी निघाली. भोंगा गप्प, नुसती इंजिनाची घरघर. पहिल्या चढावर कर्ण्यानं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या जागी तो गावावर स्वारी करून आलेल्या एका जाड्या सेनापतीची गोष्ट सुरू करतो ती जागा तशीच मागे गेली. पुढे गावाचा जुना दरवाजा. तो इतका अरुंद की गाडी दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून जाते. दरवाज्याला लागूनच न्हाव्याचं दुकान. गाडी आली आणि भोंगा वाजला नाही, तसा न्हावी वस्तरा हातात घेऊन बाहेर आला. मागोमाग अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईकही.

"काय झालं हो? आज पोट अडकायचं नाही का?" न्हाव्यानं विचारलं.

कर्ण्यानं घशाकडे बोट दाखवून मान हलवली.

"अरे देवा! एवढंच ना? थांबवा गाडी." न्हाव्यानं वस्तरा उंच धरला आणि थेट कर्ण्याच्या ठेक्यात, दगडी कमानीखाली आवाज घुमवत सुरू केलं, "…आणि ते पोट, मंडळी, या दरवाज्यात असं अडकलं, असं अडकलं, की पुढे सरकेना आणि मागेही हटेना! सगळं सैन्य मागे खोळंबलं. तेव्हा आतून एक म्हातारी त्याला म्हणाली, काय म्हणाली…"

आणि तो थांबला.

"काय म्हणाली?" छत्रीवाली बाई म्हणाली.

"ते मला काय माहीत? इथं गाडी पुढे जाते."

"आणि पोट कोणाचं?"

"ते गाडी यायच्या आधी सांगतात. माझ्या दारात पोट अडकतं एवढं खरं. इतकी वर्षं मी त्या म्हातारीच्या नावानं झुरतोय!"

गाडीत हशा पिकला. कर्ण्यानं बायकोकडे वळून हात मिशीवरून फिरवले, मग पोटावरून मोठा गोल काढला, मग लगाम धरल्यासारखं केलं. घरी भुवया वाचून वाचून तयार झालेली बाई ती, तिला काय कठीण? "सेनापती!" तिनं मागे वळून सांगितलं. "मिशाळ, जाडा, घोड्यावरून आलेला. चला पुढे, म्हातारीला गाठू."

न्हावी वस्तऱ्यासकट गाडीच्या मागे निघाला. गिऱ्हाईकही निघालं, कारण त्याचा अर्धा गाल न्हाव्याकडे अडकला होता. वरच्या वळणावर दोन जावा गच्चीत चादरीच्या घड्या घालत उभ्या होत्या. त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत, हे गावाला माहीत आहे. न्हाव्यानं खालूनच हाक दिली, "वहिनी, म्हातारी काय म्हणाली हो सेनापतीला?"

चादरीचं एक टोक थोरलीच्या हातात, एक धाकटीच्या. दोघी एका सुरात ओरडल्या, "'बाबा रे, येताना जेवून आला नसतास, तर गाव तुझं होतं!'"

न्हाव्यानं कपाळावर हात मारला आणि पोट धरून खालीच बसला. जावांना आजवर कळलंच नव्हतं, की म्हातारी हे कुणाला आणि का म्हणते. बायकोनं खालून अडकलेल्या पोटाचं सांगितलं तशी थोरली धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून हसायला लागली. चादर तशीच टाकून दोघी खाली उतरल्या आणि वरातीत सामील झाल्या.

बायको टाळ्या वाजवत होती. कर्णा आरशातून तिला बघत होता. तिचा आनंद दिसत होता, पण त्याच्या मनात खुटखुटत होतं. हे सगळं माझ्या तोंडून ऐकायला हवं होतं हिनं! न्हाव्याच्या तोंडून ऐकायला ही जन्मभर थांबली होती का?

त्यानंतर आलं अर्जमास्तरांचं घर. मास्तर म्हणजे कर्ण्याचे जुने वैरी. भोंग्याच्या विरोधात त्यांनी इतके अर्ज केले की गावानं तेच नाव ठेवलं. रोज प्रत्येक फेरीला ते खिडकी धाडकन लावून घेतात. आज गाडी आली ती मुकाट्यानं, आणि खिडकी धाडकन उघडली.

"आज आवाज का नाही? आज मी अर्ज केलेला नाही!"

"यांचा घसा बसलाय, मास्तर," बायको म्हणाली.

मास्तर क्षणभर घुटमळले. मग चष्मा पुसून खिडकीत नीट उभे राहिले. "ही तटबंदी दोन भावांनी दोन टोकांकडून बांधत आणली. मधे भेटायचं ठरलं होतं. पण दोघांचं भांडण झालं, आणि भिंती एकमेकींना चुकवून निघून गेल्या. त्या दोघींच्या मधली ही फट म्हणजे आपली गल्ली. इथं तुम्ही खोकता." मास्तर खोकले. "मग म्हणता, 'पण मंडळी, ते भांडले म्हणून तर आपल्याला जायला रस्ता मिळाला.' वाक्य वाईट नाही. फक्त मोठ्यानं म्हणता." एवढं बोलून त्यांनी कोट चढवला, काठी घेतली आणि तेही निघाले.

मास्तरांच्या घरानंतर मात्र वस्ती नाही. नुसता चढ, उघडा कातळ आणि शेवटी बुरूज. तिथं खिडकी नाही, गच्ची नाही, कुणाच्या कानावर काही पडलेलं असेल असा एकही माणूस नाही. आणि कर्ण्याला बायकोला ऐकवायचं होतं ते नेमकं तिथलं. खालच्या गोष्टी हसवायच्या. वरचं बोलणं त्याचं स्वतःचं, मनातलं. त्यात विनोद नव्हता की सेनापती नव्हता.

गाडी थांबली. सगळे उतरून बुरुजाच्या पायऱ्यांशी गोळा झाले. मागून चालत आलेलं गावही धापा टाकत पोचलं. "पुढचं आम्हाला येत नाही बुवा," न्हावी म्हणाला. मास्तरांनीही मान हलवली. सगळ्यांचे डोळे कर्ण्यावर. त्यानं छाती भरून घेतली आणि जिवाच्या आकांतानं जोर लावला. एक बारीक चीं असा आवाज निघाला, बस्स. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तो पायरीवर चढला आणि रोजच्यासारखा, दुसरं काहीच करता येत नाही म्हणून, त्यानं नुसता हात पुढे केला.

पहिला नंबर बायकोचा होता. तिनं त्या हाताकडे पाहिलं, उंच पायरीकडे पाहिलं, वरच्या दगडी ओट्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघालं, "अगंबाई! म्हणजे ही ती पायरी!"

हात धरून ती वर चढली, लोकांकडे वळली आणि तिकीटखिडकीत कमावलेल्या खणखणीत आवाजात म्हणाली, "पायरी उंच आहे, हात द्या. सावकाश. जागा सगळ्यांना आहे. थकलात ना? बसा. इथवर आलात, हेच खूप झालं. आता जरा मागे वळून बघा, आपण कुठून कुठं आलो ते."

सगळे वळले. खाली ऊन पडलेली गावभर छपरं, गच्चीत अर्धी घडी घातलेली चादर, दरवाजा, आणि अगदी तळाशी चौकातली ती चिमुकली तिकीटखिडकी. छत्रीवाल्या बाईनं छत्री मिटून घेतली. कर्णा मात्र गावाकडे बघत नव्हता. तो बायकोकडे आ वासून बघत होता. अक्षरन् अक्षर बरोबर! त्यानं दोन्ही हात हलवून विचारलं, कसं?

"कसं म्हणजे? झोपेत बडबडता!" ती म्हणाली. "दिवसा अवाक्षर नाही, आणि डोळा लागला की हात पुढे करून 'पायरी उंच आहे.' मी हात देते. दिल्याशिवाय थांबतच नाही हो तुम्ही! मग 'थकलात ना, बसा.' मला वाटायचं, माझीच विचारपूस चाललीय. अहो-जाहो करता म्हणून नवल वाटायचं, पण म्हटलं असू दे, सांगितलं तर बंद कराल. खिडकीत दिवसभर कावून आले तरी त्या एका वाक्यावर मी दुसऱ्या दिवशी उठायचे." ती हसली, पण हसता हसता तिचा आवाज जरा हलला. "आणि आज बघते तर काय, हे तुम्ही सगळ्या जगालाच म्हणता!"

लोक खो खो हसले. न्हाव्यानं तर डोळे पुसले. कर्णा हसला नाही. तिचा हात अजून त्याच्या हातात होता. तो तिला ओट्याशी घेऊन गेला, शेजारी बसला, तिच्या कानाशी वाकला आणि घशात जे काही उरलं होतं ते सगळं गोळा करून त्यानं विचारलं, "थकलीस का गं?"

"थकले होते खरी," ती म्हणाली. "जागेपणी विचारलंत, आता नाही."